दोन दिवसांच्या पिल्लाचे पंख

तांबडीखाली ठेवलेल्या सात अंड्यांपैकी सहा नासकी निघाली आणि सातव्यातून पिल्लू बाहेर आलं, तेव्हा युनमोयनं आनंद व्हायच्या आधी मागं वळून पाहिलं. सासूबाई दारात उभ्या नाहीत ना?

नव्हत्या. त्या अंगणात होत्या. परकर गुडघ्यापर्यंत खोचून, मोठ्या पिंपात उभ्या राहून मोहरीची पानं मिठात तुडवत होत्या. त्यांच्या पावलांची चपचप पार मागच्या खुराड्यापर्यंत ऐकू येत होती. ती चालू आहे तोवर सासूबाई जागेवर आहेत, एवढं पक्कं.

मग तिनं पिल्लाकडं नीट पाहिलं. पिवळसर अंग, पाठीवर शाईच्या कुंचल्यानं ओढाव्यात तशा दोन तपकिरी रेघा. चोचीच्या टोकावर कवच फोडायचा पांढरा दाणा अजून चिकटलेला. पंखांच्या जागी नुसता कापूस. तांबडीनं एक डोळा उघडला, युनमोयला ओळखलं आणि पुन्हा मिटून घेतला. बाकी सगळ्यांना ती चोच मारायची. सासूबाईंना तर दोनदा रक्त काढलं होतं.

तांबडी या घरची नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या गाडीत, लाल फीत बांधलेल्या टोपलीत बसून ती युनमोयबरोबर तिच्या माहेरच्या गावाहून, मेइनुङहून, इथं म्याओलीच्या डोंगरात आली होती. मुलगी सासरी निघाली की माहेरची वाट दाखवणारी कोंबडा-कोंबडीची जोडी सोबत द्यायची असते, आणि ती जोडी कुणी कापायची नसते. कोंबडा पहिल्याच थंडीत गेला. तांबडी राहिली, पण तीन वर्षांत कधी खुडूक म्हणून झाली नाही. यंदा झाली. युनमोयला सातवा महिना लागला त्याच आठवड्यात.

टेलिफोनवर आईला सांगितलं तेव्हा ती पलीकडून ओरडलीच. "बसव गं तिला अंड्यांवर, रवणीला! वाटेच्या कोंबडीचं पहिलं पिल्लू कळपात मिसळलं आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आलं, की समज, कूस टिकली. माझ्या वेळी तसंच झालं होतं. आणि हे बघ, सासूला फार हात लावू देऊ नकोस."

ते शेवटचं आईनं सांगायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी आठव्या महिन्यात, याच घरात, युनमोयला कळा आल्या होत्या. डोंगरावरचा रस्ता पावसानं खचलेला, नवरा थेनफुक लाकडाचा ट्रक घेऊन उत्तरेला गेलेला. सुईण आणि सासूबाई, दोघीच. तिला शुद्ध आली तेव्हा अंथरूण बदललेलं होतं, फरशी पुसलेली होती. मूल रडल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काही नव्हतं. झोप." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही तेच. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. मग महिनाभर रोज एक कोंबडी, आल्यात आणि तिळाच्या तेलात परतून तांदळाच्या दारूत शिजवलेली, तिच्यापुढं येत राहिली. बाळंतिणीला हवीच म्हणून. तिनं ती भिंतीकडं तोंड करून खाल्ली.

तेव्हापासून सासूबाईंचा प्रत्येक शब्द ती अंडं कानाशी धरून हलवावं तसा हलवून बघायची. नासक्या अंड्यासारखं आत काही डुचमळतंय का?

आता त्याच बाईच्या हातात तिला दुसऱ्यांदा बाळंत व्हायचं होतं. अजून दोन महिने. पिल्लू कळपात गेलं म्हणजे बाळ राहणार, असं आई म्हणत होती. पण राहिलं नाही, तर यावेळी तरी मला खरं कोण सांगणार, हे आईला कुठं माहीत होतं?

चपचप थांबली.

"निघालं का?" सासूबाई खारट पायांनीच आल्या. वाकून पाहिलं. "एकच?"

"एकच."

"एक तर एक. तुलाही एकच पुरे आहे." त्या हसल्या. मग त्यांची नजर जाळीपलीकडं गेली. तिकडं तीस कोंबड्या माना वाकड्या करकरून बघत होत्या. यंदाच्या बाळंतपणाच्या महिन्यासाठी वाढवलेल्या. सगळ्यांत पुढं ठिपकी, कळपाची पाटलीण. "हिचं डोकं बघ. नवीन सून बघायला आल्यासारखी आली आहे."

तांबडीचा आडोसा म्हणजे खुराड्याचाच एक कोपरा, मध्ये बांबूच्या पट्ट्यांची जाळी. कळपानं आठवडाभर बघायचं, शिवायचं नाही. मग सोडायचं. तेवढ्यात युनमोयला खालची पट्टी सुटलेली दिसली. मूठभर फट पडली होती.

"आत्या, हे बघा. तार गुंडाळून टाकते."

"हात लावू नकोस!" सासूबाई एवढ्या जोरानं म्हणाल्या, की तांबडीनं पिसं फुलवली. "आज सकाळी तुझ्या सासऱ्यांनी कॅलेंडर वाचलं. गर्भदेव आज खाटेत आणि खुराड्यात आहे. तार बांधलीस तर बाळाची बोटं जुळून येतील."

"मग नुसता गवताचा बोळा—"

"भोक बुजवलं की नाक बुजलेलं पोर होतं. चुलत जावेचं बघितलं नाहीस? तीही तुझ्यासारखीच हुशार होती."

"मग दोघींना उचलून घरात तरी—"

"हलवायचं तर नाहीच नाही. खिळा नको, दोरी नको, हलवाहलव नको. एक दिवस. एका दिवसानं काय होतंय? पिल्लू आईचं पोट सोडून कुठं जातंय या थंडीत?"

युनमोयनं हात मागं घेतला. गर्भदेवाची थट्टा ती करत नसे. रोज फाडायच्या कॅलेंडरवर ते छापलेलं असे: आज पोटातल्या बाळाचा देव घरात कुठं बसला आहे, चुलीत, दारात, उखळात, खुराड्यात. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. सासरे पहाटे पान फाडून वाचायचे आणि मग त्याच पानात तंबाखू वळायचे. युनमोयला वाचता येत होतं, पण ती उठेपर्यंत पान धूर झालेलं असे आणि नवीन पानाकडं कोण बघतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याची वाटी घेऊन निघाली, तर सासूबाई मागच्या दारातच आडव्या.

"आज नको जाऊस खुराड्याकडं. देव अजून तिथंच आहे."

"दोन दिवस एकाच जागी?"

"बसला असेल. त्याला काय घाई? मी घालते पाणी."

"तुम्हाला चोच मारेल ती."

"मारू दे. माझी कातडी जुनी आहे."

युनमोयनं वाटी दिली. सासूबाईंनी ती घेतली तेव्हा त्यांच्या नखांत काळी माती होती. सकाळी सकाळी माती? मळ्यात तर कुणी गेलं नव्हतं. मग न्याहारीच्या वेळी त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "बाजारात जाऊन या. मीठ संपलं."

सासरे पेजेच्या वाडग्यावरून बघायला लागले. त्यांच्या पाठीमागं, भिंतीला टेकून, मिठाचं अख्खं पोतं उभं होतं.

"किती आणू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"एक किलो."

म्हातारा सायकल घेऊन गेला, तो दुपार कलल्यावर आला. मीठ दिसलं नाही. झाकणाची टोपली मात्र होती आणि ती त्यानं स्वयंपाकघरात न आणता सरळ मागं नेली. युनमोय खिडकीशी बसून बाळाचं झबलं टाचत होती. टाचायलाही बंदी होती, पण सुई हातात धरायची नाही तर करायचं काय? तिनं धागा तोडला. कान मागं लावले. काही ऐकू आलं नाही, की आलं? एक बारीक चिवचिव. पण ती तांबडीच्या पिल्लाचीही असेल.

तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम लवकर उठून कॅलेंडर गाठलं. सासरे तंबाखू शोधत होते.

"मामंजी, आज मी वाचते." तिनं मोठ्यानं वाचलं, "गर्भदेव: उखळ आणि जातं." मग मागं राहिलेला फाटका कोपरा पाहिला. कालच्या पानाचे शेवटचे दोन शब्द अजून खिळ्याला लोंबत होते. दार, खाट.

खुराडं कुठंच नव्हतं. काल नव्हतं, आज नव्हतं.

तिनं वाटी घेतली आणि सासूबाई चुलीशी फुंकर घालत असताना मागच्या दारानं बाहेर पडली.

खालच्या पट्टीला आता तार गुंडाळलेली होती. घट्ट, तीन वेढे. तांबडी उभी होती आणि तिच्या पायाशी पिल्लू दाणे टिपत होतं. पिवळसर. पाठीवर दोन तपकिरी रेघा. युनमोयचा जीव भांड्यात पडला. उगाच आपण—

मग पिल्लानं अंग झटकलं आणि पंख उघडले.

त्यांत पिसं होती. छोटी, नळीतून नुकती फुटलेली, पण पिसंच. युनमोय गुडघ्यांवर बसली. मेइनुङला तिच्या घरी दरवर्षी शंभर-दीडशे पिल्लं निघायची. लहानपणी ती त्यांच्यातच लोळायची. दोन दिवसांच्या पिल्लाला असे पंख असत नाहीत. हे चार-पाच दिवसांचं तरी होतं. चोचीवरचा पांढरा दाणाही नव्हता.

तांबडीनं दाणा चोचीत धरून बोलावलं, कुक् कुक् कुक्. खरं पिल्लू असतं तर उडी मारून गेलं असतं. यानं मान वर करून इकडं तिकडं पाहिलं आणि जाळीपाशी, युनमोयच्या बोटांकडं पळत आलं. माणसाच्या हातून खायची सवय असलेलं पिल्लू. बाजारातलं.

"तुला सांगितलं होतं ना!" मागून आवाज आला.

"आत्या, आज देव उखळात आहे."

"हो का? मग तुझ्या सासऱ्यांनीच चुकीचं वाचलं. चष्म्याची काच तडकलीये त्यांची."

"मी?" ओट्यावरून सासरे म्हणाले.

"तुम्ही पेज प्या."

"फार लवकर वाढलं हो पिल्लू," युनमोय म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"एकुलतं आहे. सगळं त्यालाच मिळतं." सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. "एकुलती पोरं अशीच फुगतात. थेनफुक काय कमी होता?"

त्या दुपारी सासूबाई नदीवर गेल्या तशी युनमोयनं आईला टेलिफोन लावला.

"खाल्लं असेल तिनं," आई लगेच म्हणाली.

"एवढंसं पिल्लू कोण खातं, आई?"

"मग विकलं असेल. नाहीतर पायाखाली चिरडलं असेल. मी येऊ का? पुढच्या बसनं निघते. विहीणबाईंना चार शब्द—"

"नको, येऊ नकोस."

"तू का गं तिला वाचवतेस?"

युनमोयनं विषय बदलून टेलिफोन ठेवला. ती सासूबाईंना वाचवत नव्हती. आई आली असती तर भांडण झालं असतं, भांडणात सगळ्याच खोटं बोलल्या असत्या आणि तिला हवं होतं ते कायमचं हातातून गेलं असतं.

पुढचे सहा दिवस दोघी एकमेकींवर नजर ठेवून होत्या. युनमोय पिल्लाकडं बघायची, सासूबाई युनमोयकडं. ही काही बोलत कशी नाही, याचा सासूबाईंना घोर लागला असावा, कारण त्या एकदम फार बोलायला लागल्या. थंडीबद्दल, मोहरीबद्दल, मुळ्याबद्दल. रताळं भाजून आणून द्यायच्या आणि ती खाते की नाही ते दारातून बघायच्या. युनमोय ते रताळं आधी फोडून आत पाहायची. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि खायची.

एकदा सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "आत्या, मीठ आणलं होतं ते कुठं ठेवलंत?"

"पोत्यात ओतलं," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. इतकी तयार बाई!

एक मात्र तिनं पाहिलं. रोज दिवेलागणीला सासूबाई खुराड्यात जाऊन बसायच्या, पिल्लू हातात धरून तांबडीच्या पोटाखाली सरकवायच्या आणि तांबडी त्यांचा हात फोडायची. रोज. मनगटावर लाल ठिपक्यांची रांग झाली होती. त्या हात काढून घेत नसत. "घे बाई, घे," म्हणत राहायच्या. "तुझंच आहे."

नवव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "आज सोडू या. देव कोठारात आहे. हवं तर तू वाच."

"वाचलं मी."

दोघी खुराड्यात गेल्या. सासूबाईंच्या हातात बांबूची काठी आणि ओच्यात तांदळाची कणी. त्यांनी कणी लांब, भिंतीकडं उधळली. कळपाचं लक्ष तिकडं जावं म्हणून. मग जाळीचं दार उचललं. बसायला दोन पालथ्या डाली होत्या. एकीवर युनमोय पोट सांभाळत बसली, दुसरीवर त्या.

तांबडी आधी बाहेर आली, पिसं फुगवून, नेहमीच्या दुप्पट होऊन. मागं पिल्लू. चार पावलं सगळं ठीक होतं. मग पिल्लाला कणी दिसली आणि ते आईला सोडून सरळ तीस कोंबड्यांच्या पायांत घुसलं.

"अरे मागं फिर!" सासूबाई पुटपुटल्या. "याला काही कळतच नाही. आईची हाक कळत नाही याला."

ठिपकीनं मान वर केली. एक पाऊल, दुसरं पाऊल. पहिली चोच पिल्लाच्या पाठीत बसली आणि ते चेंडूसारखं उडालं. सासूबाईंनी काठी उचलली. युनमोयनं त्यांचा हात धरला. "थांबा. आपण मारलं तर तांबडीला किंमत राहणार नाही."

तांबडीनं एक आवाज काढला. कुक् कुक् नव्हे. घशातून ओढलेला, लांब, करवतीसारखा. आणि पिल्लू, ज्याला सहा दिवस काहीच कळत नव्हतं, ते तिथल्या तिथं जमिनीला चिकटलं. त्याच्यावरून तांबडी ठिपकीच्या अंगावर गेली. दोघींची छाती छातीला भिडली, पिसं उडाली. ठिपकीच्या तुऱ्यातून रक्त आलं. ती चार हात मागं सरकली आणि जणू काही झालंच नाही अशी जमीन उकरायला लागली. पिल्लू उठलं, पळालं, आणि पहिल्यांदाच, कुणीही न सरकवता, तांबडीच्या पोटाखाली गेलं.

"घेतलं!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "घेतलं बघ! आता तुझ्या आईला सांग टेलिफोन करून. म्हणावं, तुझं पिल्लू कळपात गेलं."

"हे माझं पिल्लू नाही, आत्या."

सासूबाईंचा हात मांडीवरच राहिला. कोंबड्या कणी टिपत होत्या.

"पंखांवरून?" त्यांनी विचारलं.

"पंखांवरून. मिठावरून. कॅलेंडरवरून."

"रेघांचं पिल्लू तर म्हाताऱ्यानं सगळा बाजार पालथा घालून आणलं होतं." त्या काठीनं जमिनीवर उगाच रेघ ओढत राहिल्या. "पहिल्याच संध्याकाळी गेलं ते. फटीतून पलीकडं गेलं. सकाळी मी आले तर ठिपकीच्या पायाशी. तू म्हणत होतीस तार बांधू. मी देवाला भ्यायले. बाळाची बोटं जुळतील म्हणून भ्यायले आणि पिल्लू घालवलं. मग म्हटलं, हिला कळलं तर हिच्या पोटातलं... पपनसाच्या झाडाखाली पुरलं मी त्याला."

खरं होतं. नखांतली माती जुळत होती. पण युनमोयला तिथं थांबायचं नव्हतं.

"पोरीच्या हातात दुसरं पिल्लू ठेवलं की झालं, असं वाटलं तुम्हाला?"

"तुला त्रास नको म्हणून."

"गेल्या वर्षीही मला त्रास नको म्हणूनच ना? काही नव्हतं, झोप." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आत्या, दोन महिन्यांनी मी पुन्हा तुमच्याच हातात असणार आहे. तुम्ही म्हणाल बाळ ठीक आहे, तर मी कशावर विश्वास ठेवू? तुम्ही म्हणाल नाही, तरी कशावर ठेवू? मला झोप लागेल का कधी?"

ठिपकी पुन्हा वळली. तांबडीकडं दोन पावलं आली. "हाट्!" सासूबाईंनी काठी आपटली. त्यांची नजर कळपावरच होती, आणि नजर तिकडंच ठेवून त्या म्हणाल्या,

"मुलगी होती."

युनमोयनं त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"रडली नाही. श्वासच नव्हता. सुईणीनं उलटी धरली, पाठीवर मारलं, मी तोंडात फुंकलं. बराच वेळ फुंकलं. हाट्, मेले!" काठी पुन्हा आपटली. "केस होते. काळे. खूप."

केस. सगळ्याच आया, सगळ्याच सासवा सांगतात, केस होते, गोरी होती, झोपल्यासारखी दिसत होती. सुनेला बरं वाटावं म्हणून कुणीही सांगेल. युनमोयनं ते शब्द कानाशी धरले, हलवले. डुचमळतंय? कळेना.

"आणखी?" तिनं विचारलं.

"आणखी काय?"

"आणखी काहीही."

सासूबाई विचारात पडल्या. सांगावं की नाही असं त्यांच्या तोंडावर आलं, आणि मग जणू लाजत त्या म्हणाल्या, "एक कान दुमडलेला होता. वरची कड आत. मोहरीच्या पानाची असते तशी. मी बोटानं सरळ करून पाहिली, पुन्हा दुमडली."

"कुठला कान?"

"डावा." क्षणही न थांबता. आणि त्यांचं बोट स्वतःच्या डाव्या कानापाशी गेलं, हवेतच काहीतरी हळूच उलगडू लागलं.

खोटं बोलणारी बाई दुमडलेला कान शोधून काढत नाही. खोटं बोलणारी बाई केसांवर थांबते.

युनमोयला रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी आली ती भूक. ती वर्षभराची मुलगी आज पहिल्यांदा तिच्यासमोर आली होती, डावा कान दुमडलेली, आणि तिच्याबद्दल अजून शंभर गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या. हात कसे होते. कशात गुंडाळलं. कुणी नेलं, कुठं नेलं.

तिकडं पिल्लू पुन्हा तांबडीच्या पंखाबाहेर डोकं काढत होतं. ठिपकीचं लक्ष होतंच. सासूबाईंचं बोट अजून कानापाशीच होतं. दुसऱ्या हातातली काठी जमिनीवर आडवी झाली होती.

युनमोयनं त्यांच्या हातातून ती काठी काढून घेतली.

"तुम्ही सांगत राहा," ती म्हणाली. "कोंबड्यांकडं मी बघते."